बोका-योके

प्रकरण एका बोक्याचं आहे. नाव फौजदार. तक्रार नोंदवली तेव्हा वय अडीच वर्षं, गावठी, राखाडी पट्टेरी, वजन पाच किलो दोनशे, नसबंदी झालेली. मुक्काम चिंचवड, तिसरा मजला. घरात माणसं तीन: मी, ही आणि माझी आई. आईचं वय ८१, गळ्यात तुळशीची माळ, पहाटे चारला जाग. हा शेवटचा तपशील मी तेव्हा कुठेही लिहिला नव्हता. पुढे सगळं त्याच्यावरच अडलं.

फौजदार मूळचा मुलीचा. पावसाळ्यात पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडला, तेव्हा मुठीत मावत होता. नाव वॉचमनने ठेवलं, कारण गाड्यांच्या रांगेतून तो असा फिरायचा की नाकाबंदी लागलीय असं वाटावं. २०२४ च्या जानेवारीत मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. "बाबा, तीनच महिने. घर मिळालं की नेते." घर मिळालं, पण घरमालकाला मांजर चालेना. मुलगी असेपर्यंत फौजदार तिच्या खोलीत असायचा. ती रात्री एकपर्यंत जागी, त्याच्याशी दोरी-दोरी खेळायची, मग दोघंही सकाळी आठपर्यंत घोरायची. ती गेली आणि एक कामधंदा नसलेला तरणाबांड बोका, दहाला दिवे घालवणाऱ्या तीन म्हाताऱ्यांच्या पदरात पडला.

मे महिन्यापर्यंत तक्रारी अशा साचल्या. पहाटे साडेचारला उठवतो: आधी दारावर नखं, मग उशीशी ओरडणं, मग माझ्या कपाळावर पंजा. टेबलावरच्या वस्तू ढकलून पाडतो, त्याही आपल्या डोळ्यांत डोळे घालून. ओट्यावर चढतो. खालच्या कपाटाची कडी उघडतो. सोफ्याचं म्हणाल तर त्याचा आता फक्त सांगाडा सोफा आहे. या सगळ्यावर हिचं निदान दोन शब्दांचं होतं: "मुद्दाम करतो."

मी भोसरीच्या एमआयडीसीत ३१ वर्षं क्वालिटीत काढली. तिथे 'मुद्दाम करतो' हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे, सुपरवायझरच्या तोंडून, ऑपरेटरबद्दल. आमच्या धंद्यात 'पोका-योके' नावाची एक चीज आहे, शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने रूढ केलेली. भाग उलटा बसवताच येऊ नये असाच साचा करायचा, म्हणजे चूक होण्याची सोयच ठेवायची नाही. तिचं आधीचं नाव 'बाका-योके' होतं. जपानीत बाका म्हणजे मूर्ख, म्हणजे 'मूर्खालाही न चुकवता येणारं'. कामगारांना ते लागलं, आणि शिंगोंनी नाव बदललं: पोका म्हणजे नुसती नकळत झालेली चूक. ही गोष्ट मी ट्रेनिंगमध्ये दरवर्षी सांगायचो. घरी आल्यावर मात्र बोक्याला नालायक म्हणायचो. ते मुलीने फोनवर लक्षात आणून दिलं. म्हणाली, "बाबा, त्याची पण एक प्रॉब्लेम शीट करा की." ती थट्टा करत होती. मी दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली.

जूनचे पहिले दोन आठवडे फक्त नोंदी केल्या, उपाय काही नाही. रकाने: वेळ, काय केलं, आम्ही काय केलं, मग तो काय करत होता. शेवटी एक रकाना त्याच्या शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूतल्या गोळ्यांचा (लघवी पडली की या वाळूचा गोळा होतो), कारण ट्रे मीच साफ करतो आणि मोजायची खोड जात नाही. रोज दोन ते चार गोळे. ही म्हणाली, "आता एवढंच राहिलं होतं."

चौदा दिवसांपैकी बारा दिवस त्याने ४:२० ते ४:५० च्या दरम्यान उठवलं. त्यातल्या नऊ दिवशी कोणीतरी उठून त्याला मूठभर दाणे घातले, बहुतेक वेळा मीच, झोपेत, गप्प बसावा म्हणून. तीन दिवस आम्ही तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिलो. तेव्हा तो सरासरी वीस मिनिटं ओरडला. आणि दोन दिवस उठवलंच नाही. त्या दोन दिवसांपुढे मी 'कारण अज्ञात' लिहून ठेवलं.

मग पाच वेळा 'का'. का उठवतो? खायला मिळतं म्हणून. का मिळतं? आम्ही देतो म्हणून. का देतो? गप्प बसावा म्हणून. तो आधीच का गप्प बसत नाही? कारण पाच मिनिटांनी नाही मिळालं तर वीस मिनिटांनी मिळतं, हे त्याला ठाऊक आहे. हे त्याला कोणी शिकवलं? पाचव्या 'का'ला आरसा समोर येतो, हे मी कंपनीत कैक वेळा पाहिलं होतं. पण त्या वेळी आरशात नेहमी दुसऱ्या डिपार्टमेंटचा माणूस असायचा.

यात बोक्याची हुशारी म्हणावी तर तीही एका विशिष्ट प्रकारची. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांना लाकडी खोक्यांत कोंडून बाहेर मासा ठेवला होता. दोरी ओढली किंवा कडी दाबली की दार उघडायचं. मांजर आधी खरवडायचं, चावायचं, उड्या मारायचं आणि त्या धडपडीत कधीतरी कडी सरकायची. पुढच्या वेळी थोडं लवकर, त्याच्या पुढच्या वेळी आणखी लवकर. युक्ती एकदम सुचली असं दिसलं नाही. जे केल्याने मासा मिळाला ते टिकलं, बाकीचं गळालं. आमच्या कपाटाची कडी फौजदाराने अशीच उघडली असणार, आणि आम्ही दोघं ही त्याची आणखी दोन खोकी. माझी कडी कपाळावर होती. पंजा ठेवला की दार उघडायचं.

आणि कधी द्यायचं, कधी नाही, हा तर सगळ्यात वाईट प्रकार. बी. एफ. स्किनर यांनी पुढे कबुतरांवर दाखवून दिलं की दरवेळी दाणा मिळत असेल आणि तो बंद झाला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. कधी मिळतो कधी नाही असं असेल तर ते चोच मारतच राहतं. मटक्याचा आकडा लावणारे आमच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांना हे स्किनरशिवाय कळत होतं.

उपाय ठरला तो असा. एक: संध्याकाळचं जेवण साडेसातऐवजी दहाला, आणि त्याआधी पंधरा मिनिटं दोरी-दोरी, जशी मुलगी खेळायची. मांजराचा दिवस शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप या क्रमाने लागतो. आम्ही त्यातलं पहिलंच काम काढून घेतलं होतं. दोन: पहाटे कोणीही हलायचं नाही. डोळे उघडायचे नाहीत, "गप रे" म्हणायचं नाही. तीन: मुलीने बंगळुरूहून एक डबा पाठवला, वेळ लावली की साडेपाचला आपोआप झाकण उघडणारा. म्हणजे खाणं माणसाकडून येत नाही, डब्यातून येतं. उठवायचं तर डब्याला उठव. पहाट आणि संध्याकाळ या मांजराच्या जात्याच जाग्या वेळा आहेत, त्यामुळे तो साडेचारला उठणारच. त्याने आम्हाला उठवू नये, एवढंच मागणं होतं.

एखादी खोड फळेनाशी झाली की ती जाण्याआधी एकदा उसळते. हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. चौथ्या पहाटे फौजदार पस्तीस मिनिटं ओरडला. पाचव्या पहाटे गोदरेजच्या कपाटावर चढून त्याने तिथली सूटकेस, त्यावरचं ब्लँकेट आणि माझा निवृत्तीच्या दिवशी मिळालेला मानचिन्हाचा काचेचा तुकडा, या क्रमाने खाली ढकलले. ही अंधारात म्हणाली, "अहो, घाला त्याला काहीतरी." मी म्हणालो, "आज घातलं तर उद्यापासून काच हीच किंमत." सहाव्या पहाटे त्याने आमचा नाद सोडून डब्याला धरलं. तो आडवा केला, फिरवला, जिन्याच्या दारापर्यंत ढकलत नेला. डबा लाकडी फळीवर स्क्रूने पक्का केला. जुन्या मित्राकडून आणलेले दोन सी-क्लॅम्प आजही फळीला आहेत.

जुलैच्या मध्यापर्यंत फरक दिसायला लागला, पण तो सरळ रेषेत नव्हता. तीन दिवस शांतता, मग एक दिवस ४:३५ ला दारावर नखं, मग पुन्हा दोन दिवस काही नाही. आलेख काढला तर करवतीसारखा. मशीन सेटिंग तेच, माल तोच, तरी भाग कधी पास कधी फेल, तर याचा अर्थ एकच असतो: कोणीतरी मधे हात घालतंय. रात्रपाळीचा माणूस शोधायचा.

म्हणून एका पहाटे पावणेचारला मी हॉलमध्ये अंधारात खुर्ची टाकून बसलो. चार वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातला छोटा दिवा लागला. आई फ्रिजपाशी उभी. तिच्या पायात फौजदार, शेपटी उभी, एक शब्द न बोलता. आईने सायीचं भांडं काढलं, चमच्याने बशीत साय घातली आणि ओठांतल्या ओठांत हरिपाठ म्हणत स्टुलावर बसली. तो चाटत होता. तिचं बोलणं चालूच होतं, पण मधल्या मधल्या ओळी अभंगाच्या नव्हत्या. गुडघ्याबद्दल होत्या, आळंदीच्या मावशीबद्दल होत्या.

"आई, काय करतेस?"

"दिसत नाही का?"

"अगं, आम्ही त्याची पहाटेची सवय मोडतोय ना."

"मोडा की. तुमच्या खोलीत मोडा. चार वाजता उठून मी बोलू कोणाशी? तुम्ही दोघं घोरत असता."

ज्या दिवशी साय पोटभर झाली, त्या दिवशी तो आमच्याकडे फिरकत नव्हता. कमी पडली की उरलेली वसुली आमच्या दारावर. 'कारण अज्ञात' लिहिलेले दोन दिवस मी आईला विचारून घेतले. दोन्ही दिवशी तूप कढवायचं म्हणून साय जास्त साठली होती.

इथे प्रकरण माझ्या हातातून थोडं निसटलं, हे मान्य करतो. प्रॉब्लेम शीटवर पहिली ओळ असते: समस्या कोणाची? मी 'घरातील सर्व' असं लिहिलं होतं. घरातल्या तीनपैकी एका माणसाला साडेचारचं ओरडणं ही समस्याच नव्हती, सोबत होती. आईला साय बंद कर म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मोठ्या मांजराला दूध नीट पचत नाही, हे सांगून पाहिलं. आई म्हणाली, "आमच्या गावाकडे सगळी मांजरं दुधावरच वाढली." मी वही मिटली आणि दुसऱ्या तक्रारींकडे वळलो.

वस्तू पाडण्याचं प्रकरण आठवड्यात सुटलं आणि त्यात बोक्याला काही शिकवावं लागलं नाही. मांजर पंज्याने ढकलून बघतं, कारण हलणारी वस्तू कदाचित जिवंत असते. आणि पेन पडलं की चार फुटांवरचा माणूस धावत येतो, म्हणजे पेनपेक्षा माणूसच जास्त मजेचा. माझ्या चष्म्यासाठी भिंतीत खिळा ठोकला. आईच्या गोळ्यांचा डबा ड्रॉवरमध्ये गेला. टेबलावर लाकडाच्या पट्टीची एक इंच कड मारली. ही म्हणाली, "हे तुमचं पोका-योके म्हणायचं का?" मी म्हणालो, "बोका-योके." पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्या विनोदाला ती इतकी क्वचित हसली आहे की ही तारीख मी वहीत लिहिली. कपाटाला लहान मुलांच्या घरात लावतात ती चुंबकाची कडी बसवली. सोफ्याशेजारी तीन फुटी खांब उभा करून त्याला काथ्याची दोरी गुंडाळली. आधी दोन फुटी केला होता, त्याला तो ढुंकून बघेना, कारण अंग पूर्ण ताणून नखं रुतवता आली पाहिजेत आणि खांब हलता कामा नये. सोफा तोवर गेलेलाच होता.

ओट्याचं मात्र मी हरलो. चिकट टेप लावली, तो तीन दिवस चढला नाही, मग टेपच्या मधली जागा त्याने पाठ केली. पाण्याची फवारणी करून पाहिली, तर तो ओट्याला नाही, मला घाबरायला लागला. मी घरात असलो की खाली, मी भाजी आणायला गेलो की वर. कंपनीत ऑडिटच्या दिवशी हेल्मेट घालणारे असतात, तसा. शेवटी खिडकीपाशी ओट्याच्याच उंचीचं एक स्टूल ठेवलं, त्यावर गोणपाट. ही पोळ्या लाटते तेव्हा तो तिथे बसून सगळं बघतो आणि ओट्यावर येत नाही. रात्री येतो. सकाळी काळ्या कडाप्प्यावर पिठाचे पंजे दिसतात. झोपताना गॅसचा रेग्युलेटर बंद आणि ओटा पुसूनच स्वयंपाकाला सुरुवात, एवढं आम्ही शिकलो.

खाण्याबद्दल एक गोष्ट मधेच सांगतो, पुढे लागणार आहे. आमच्या घरात आईच्या माळेमुळे अंडंसुद्धा शिजत नाही. पण मांजर शाकाहारी होऊ शकत नाही. टॉरिन नावाचा एक घटक त्याच्या शरीराला पुरेसा बनवता येत नाही आणि तो मांस-मासळीतच मिळतो. तो कमी पडला तर मांजराच्या हृदयाचा स्नायू ढिला पडतो, हे अमेरिकेत १९८७ साली सिद्ध झालं आणि मग कंपन्या तो खाद्यात वेगळा घालू लागल्या. आईला हे मुलीने समजावलं तेव्हा आई म्हणाली होती, "त्याला कुठे माळ घातलीय?" तरी मासळीचा वास घरात नको म्हणून आम्ही कोरडे दाणेच द्यायचो. कोरडं, स्वच्छ, बिनवासाचं. आणि पिशवी गॅलरीत.

आता सप्टेंबर.

२०२४ चे गणपती शनिवारी, सात तारखेला होते. आमच्याकडे गौरींबरोबर विसर्जन. मखर दरवर्षी हॉलच्या ज्या कोपऱ्यात असतं, तिथे आता फौजदाराचा ट्रे होता. देवाशेजारी तो ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून गुरुवारी मी तो गॅलरीत, वॉशिंग मशीनशेजारी नेला. शनिवारपासून घरात माणसंच माणसं. खाली मंडळाचा ढोल. पहिले दोन दिवस फौजदार पलंगाखाली होता.

सोमवारी संध्याकाळी तो बाथरूममध्ये धुवायच्या कपड्यांवर बसलेला दिसला, पाठ कमानीसारखी. तिथे चार थेंब. मग मोरीपाशी बसला, पुन्हा दोन थेंब. ही वैतागली. "पाहुणे आले की याला जास्त चेव येतो. मुद्दाम करतो." आणि मी, ३१ वर्षं क्वालिटीवाला, त्या क्षणी तेच म्हणालो. त्याला मानगुटीला धरून गॅलरीत कोंडलं आणि दार लावून घेतलं. तासभर. तो ओरडत होता, ते आम्ही आरतीच्या आवाजात ऐकलं नाही.

मंगळवारी गौरी आल्या. दिवसभर ट्रेकडे कोणाचं लक्ष नव्हतं. रात्री दहाला मी सवयीने वाळू साफ करायला गेलो. वाळू चारी बाजूंनी उकरलेली, पण गोळा एकही नाही. वही काढली. सोमवारच्या रकान्यात '१' लिहिलेला, बाजूला कंसात 'सुपारीएवढा'. रविवारी ३. मंगळवारी शून्य. ट्रेमध्ये दहा वेळा जाऊन शून्य.

ही खोड नव्हती. मला मांजरांच्या आजारातलं काही कळत नाही, पण मशीन चालू आहे आणि माल बाहेर पडत नाही, हे कळतं.

साडेअकराला रात्री चालू असणारा दवाखाना सापडला, रिक्षाने पोचलो. डॉक्टरांनी पोट हलकेच चाचपलं आणि लगेच सहायकाला हाक मारली. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला होता. मूत्राशय मोसंब्याएवढं टणक. बोक्यांचा मार्ग मादीपेक्षा फार अरुंद असतो, त्यामुळे थोडी सूज आणि बारीक स्फटिक एवढ्यानेही बूच बसतं. मग विषारी द्रव्यं रक्तात साठतात, पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं. हातात तास असतात, फार तर दोन दिवस. "सकाळी आणू असं म्हणाला असतात, तर मी काही सांगू शकलो नसतो." त्याला गुंगी देऊन नळी घातली. तीन रात्री तिथेच राहिला.

का झालं, यावर डॉक्टरांनी एकाच कारणावर बोट ठेवायला नकार दिला, ते मला आवडलं. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. त्यांना तहान कमी, लघवी दाट, पाणी शिकारीच्या मांसातूनच मिळायचं. अशा प्राण्याला वर्षानुवर्षं फक्त कोरडे दाणे घातले तर पाणी कमी पडतं. ताण हे दुसरं. गर्दी, ढोल, आणि नेहमीची जागा सोडून एका घरघरणाऱ्या यंत्राशेजारी नेलेला ट्रे. मशीन चालू असेल तर तो तिथे गेला नसेल, दाबून धरलं असेल. मी घरी येऊन पुन्हा पाच 'का' लिहिले. चौथ्याच 'का'ला मखर आलं. ते त्याच कोपऱ्यात मांडायचा निर्णय माझा होता आणि ट्रे कुठे न्यायचा तोही.

हिने ते पान वाचलं. काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून 'मुद्दाम' हा शब्द तिने बोक्याबद्दल वापरलेला मी ऐकला नाही. माझ्याबद्दल वापरते.

शुक्रवारी फौजदार घरी आला तेव्हा मखर उतरलेलं होतं आणि ट्रे जुन्या कोपऱ्यात. दुसरा ट्रे आणून आईच्या खोलीबाहेर ठेवला. पाण्याच्या वाट्या चार केल्या, एकही जेवणाच्या शेजारी नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता ओलं खाद्य, पाकिटातलं, मासळीचं, त्यात वर दोन चमचे कोमट पाणी. साय पूर्ण बंद.

पाकीट उघडलं की वास घरभर. मी आणि ही एकमेकांकडे बघत होतो, आईला कसं सांगायचं. आईने तोवर प्लॅस्टिकचा एक चमचा शोधून त्याला लाल दोरा बांधला होता, हा वेगळा ठेवायचा म्हणून. म्हणाली, "पहाटेचं मी घालीन. आधी त्याचं, मग माझी अंघोळ, मग हरिपाठ. अंघोळ झाली की मी सोवळी, काय बिघडलं?"

एवढ्या एका वाक्याने आमचं तीन महिने अडलेलं काम झालं. चारला उठून आई जपमाळ घेऊन बसायची, बोका शेजारी. सव्वापाचला ती गिझर लावायची, पाणी तापेपर्यंत त्याचं पाकीट उघडायची. साडेपाचचा डबा मी क्लॅम्पसह माळ्यावर टाकला. खाणं आता ओरडण्याला बांधलेलं नव्हतं, आईच्या अंघोळीला बांधलेलं होतं, आणि आईची अंघोळ कोणाच्या ओरडण्याने पुढेमागे होत नाही. ऑक्टोबरच्या ३१ नोंदींत आमच्या दारावर नखांचा आवाज दोनदा. गोळे रोज तीन ते पाच, आधीपेक्षा मोठे. वजन पाच किलो तीनशे.

इथे मी प्रकरण बंद करणार होतो. बंद करायच्या फॉर्मवर 'तीस दिवस निरीक्षण' असं असतं, म्हणून थांबलो.

नोव्हेंबरात कार्तिकवारीसाठी आई आठ दिवस आळंदीला मावशीकडे गेली. पहाटेची ड्यूटी माझ्याकडे. पहिल्या दिवशी गजर लावून सव्वापाचला उठलो, पाकीट उघडलं, लाल दोऱ्याच्या चमच्याने बशीत काढलं, पाणी घातलं. फौजदार आला नाही. शोधलं तर बाथरूमच्या दाराबाहेर बसलेला, मान वर, भिंतीकडे बघत. बशी उचलून त्याच्यापुढे नेली. हुंगली आणि पुन्हा वर बघू लागला. मला वाटलं आईची वाट बघतोय. घशात थोडं काही आलं, खोटं कशाला बोला. सहाला तोंड धुवायला म्हणून मी गिझरचं बटण दाबलं. टक्. लाल दिवा लागला. फौजदार गोळीसारखा स्वयंपाकघरात.

दुसऱ्या दिवशी पडताळून पाहिलं. सव्वापाचला बटण, बोका बशीवर. तिसऱ्या दिवशी बटण साडेपाचला, बोका साडेपाचला. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. तुला कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही."

मुलगी डिसेंबरात चार दिवसांसाठी आली. गाडी उशिरा पोचली, रात्रीचे पावणेबारा. बॅग टाकून अंघोळीला म्हणून तिने गिझर लावला. अकरा महिन्यांनी भेटलेल्या मालकिणीकडे न बघता फौजदार तिच्या पायावरून उडी मारून स्वयंपाकघरात गेला, बशीपुढे बसला आणि जूननंतर पहिल्यांदा त्या आवाजात ओरडला. मी वही काढली आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: गिझर.